तण ओळखणारा कॅमेरा येईल, पण आपल्या चिखलात चालेल का?

तीर्थपुरी (ता. घनसावंगी) : बियाणं, खत उधारीवर मिळतं, पण खुरपणीची मजुरी रोख द्यावी लागते. पावसानं आठ दिवस झड लावली की सोयाबीनमध्ये केना, लव्हाळा, काँग्रेस गवत पिकाच्या वर जातं. उघडीप मिळाली की सगळ्या गावाला एकाच वेळी बायका लागतात, अन् भाव चढतो. त्यामुळं तण ओळखून फवारणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ मोबाईलवर आला की आपण थांबून बघतोच.

हे यंत्र चालतं कसं? फवारणीच्या दांड्यावर कॅमेरे असतात. पीक कोणतं, तण कोणतं, हे संगणकाला हजारो फोटो दाखवून आधीच शिकवलेलं असतं. तण दिसलं की तेवढंच नोझल उघडतं, बाकीचं रान कोरडं राहतं. म्हणजे तणनाशक वाचतं. जॉन डिअर कंपनीनं 2017 मध्ये ब्लू रिव्हर ही अमेरिकेतली कंपनी यासाठीच विकत घेतली. 2022 मध्ये आणलेल्या त्यांच्या यंत्राला 120 फुटांचा दांडा अन् 36 कॅमेरे आहेत.

आता आपलं बघा. 2015-16 च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीन 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर निघाली. एवढा दांडा उघडला तर तो बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वावरात जाईल. आपल्याला लहान यंत्र लागेल, तेही गटानं किंवा अवजार बँकेतून भाड्यानं.

राज्य मंत्रिमंडळानं जून 2025 मध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यात पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी धरलेत. पैसा आहे, तर प्रश्न आत्ताच विचारायला पाहिजेत.

पहिला, फोटो कुठले? कपाशीत तुरीचं तास असतं, मूग-उडीद असतो. परदेशी शेतावर शिकलेला कॅमेरा आपल्या तुरीलाच तण समजला तर? सरसकट सगळं जाळणारं औषध टाकीत असेल, तर एका चुकीत पीक गेलं. परभणीचं कृषी विद्यापीठ, खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र यांनी इथल्या काळ्या रानात चाचणी घेतल्याशिवाय पैसे गुंतवू नयेत.

दुसरा, वापसा. तण वाढतं नेमकं झडीत. तेव्हा बैल जात नाही, ट्रॅक्टरचं चाक रुततं. कॅमेऱ्यानं तण ओळखलं तरी यंत्र रानात शिरलं पाहिजे ना!

तिसरा, नुकसानीचा. यंत्रानं पीक जाळलं तर भरपाई कोण देणार, हे भाड्याच्या पावतीवर आधी लिहून घ्यावं.

तणाचा त्रास किती मोठा, हे जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीरला दिसलं. मान्यता नसलेलं, तणनाशक सहन करणारं कपाशीचं बियाणं शेतकऱ्यांनी उघडपणे पेरलं. कायदा मोडण्याइतकी ही गरज खरी आहे.

पण खुरप्याचा पैसा बाईच्या हातात रोख पडतो. लेकरांच्या वह्या, दवाखाना त्यातून निघतो. यंत्र आलंच तर ते चालवायचं शिक्षण अन् भाड्यातला वाटा आधी महिला बचत गटांना मिळावा. नाहीतर शेतकऱ्याचा खर्च वाचेल, अन् त्याच गावातल्या दुसऱ्या घराची चूल थंडावेल.