धर्मादाय खाट ही भीक नव्हे

गरिबाच्या घरीं मूल जबर दुखण्यानें अंथरुणाला खिळलें म्हणजे गांवांत दोन वाक्यें हटकून ऐकूं येतात. एक, "त्याचें प्रारब्ध!" आणि दुसरें, "पैसा असता तर वांचलें असतें." पहिलें वाक्य खोटें आहे, हें जोतीरावांच्या मुलुखांत नव्यानें सांगण्याची वेळ येऊं नये. दुसरें वाक्य मात्र खरें वाटतें, आणि म्हणूनच तें अधिक घातक आहे. कारण आज पुष्कळ दुखण्यांच्या बाबतींत पैसा आहे. कायद्यानें, सरकारनें आणि दात्यांनीं तो बाजूला काढून ठेवलेला आहे. नाहीं तो मनुष्य, जो मुलाचा हात धरून त्याला त्या पैशापर्यंत नेऊन पोंचवील.

मी खेड्यांतला शाळामास्तर आहें. मला वैद्यकी कळत नाहीं, पण हजेरीपत्रक कळतें. वर्षांतून एकदां शाळेंत सरकारी डॉक्टरांचें पथक येतें. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नांवाची ही तपासणी फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच पालघरांत सुरू झाली. अंगणवाडींतलीं मुलें वर्षांतून दोनदां व शाळेंतलीं एकदां तपासावीं, जन्मतःचीं व्यंगें, आजार व वाढींतल्या उणिवा हुडकून काढाव्या, आणि पुढील उपचार फुकट मिळवून द्यावे, असा तिचा हेतु. हेतु चांगला आहे. डॉक्टर छातीला नळी लावतात, ऐकतात, पुन्हां ऐकतात, आणि "मोठ्या इस्पितळांत न्या" म्हणून चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी बाप खिशांत घालतो. पुढें पेरणी येते, मग खुरपणी, मग ऊसतोड. बिऱ्हाड कारखान्यावर निघून गेलें कीं हजेरींत नांव राहतें, मूल राहत नाहीं, आणि चिठ्ठी कोठें गेली तें कोणालाच ठाऊक नसतें.

ज्या मुलाच्या हृदयाला भोक आहे त्याच्या बाबतींत हा खोळंबा म्हणजेच मरण. हजार जन्मांमागें आठ-नऊ मुलांच्या हृदयांत जन्मतःच कांहीं ना कांहीं दोष असतो. कांहीं भोकें आपोआप बुजतात, कांहीं बुजवावीं लागतात. मोठें भोक वेळेवर बुजविलें तर मूल चारचौघांसारखें धांवतें, शिकतें, संसार करतें. तें तसेंच राहूं दिलें तर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर दाब वाढत जातो, त्या कठीण होतात, आणि एका मर्यादेपलीकडे शस्त्रक्रिया करणेंच अशक्य होऊन बसतें. भोक तेंच, डॉक्टर तोच, पैसाहि तोच. फक्त वेळ निघून गेलेली. अशा मुलाला पैशानें मारलें नाहीं, उशिरानें मारलें.

आतां पैशाचा हिशेब मांडूं. २ जुलै २०१२ रोजीं राज्यांतल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरांत ती सर्व राज्यांत आली. २०१७ सालीं तिला महात्मा जोतीराव फुले यांचें नांव देण्यांत आलें. १ जुलै २०२४ पासून ती राज्यांतल्या सर्व कुटुंबांसाठीं खुली होऊन, ठरवून दिलेल्या उपचारांकरितां कुटुंबामागें वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतचें संरक्षण तींत आहे. मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियाहि तींत येतात.

दुसरी तरतूद याहून जुनी आहे, आणि गांवांत ती जवळजवळ कोणाला माहीत नाहीं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांच्या १९५० च्या कायद्यांत १९८५ सालीं कलम ४१-कक घालण्यांत आलें. मोठ्या धर्मादाय इस्पितळांनीं शंभरांतल्या दहा खाटा निर्धनांसाठीं फुकट व दहा खाटा दुर्बलांसाठीं सवलतीच्या दरानें राखाव्या, असें त्यांतून ठरलें. पण ठरणें निराळें आणि होणें निराळें. शेवटीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें २००६ सालीं एक योजनाच बांधून दिली. इस्पितळानें इतर रोग्यांच्या बिलांतून शेंकडा दोन रुपये निर्धन रुग्ण निधींत काढावे. तांतडीचा रोगी आला तर त्याला आधीं दाखल करून घ्यावें, कागद मागाहून पाहावे. गरीब रोग्याकडे अनामत मागूं नये. उत्पन्नाची मर्यादा पुढें वेळोवेळीं वाढविण्यांत आली. पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका चालते. २०२५ सालीं पुण्यांत एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर अनामतीचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हां कोठें पुष्कळ सुशिक्षितांना कळलें कीं हा नियम एकोणीस वर्षांचा जुना आहे! मग अडाणी बापाला तो कोणी सांगावा?

येथें एक गोष्ट पक्की मनांत धरली पाहिजे. धर्मादाय इस्पितळांतली ती खाट ही कोणा शेठजीनें टाकलेली भीक नव्हे. 'धर्मादाय' या एका शब्दावर इस्पितळाला करांत सूट मिळते. कित्येकांना जमीन नाममात्र भाड्यानें मिळालेली आहे. सरकारनें सोडून दिलेला हा कर कोणाचा? साबणाची वडी, पोराची चप्पल, डिझेलचा डबा विकत घेतांना जो कुणबी, जो मजूर कर भरतो त्याचा. त्यानें आगाऊ भरलेल्या पैशांतून त्याच्या मुलासाठीं राखलेली ती खाट आहे. ती मागतांना त्यानें मान खालीं कां घालावी? खालीं मान घालायची तर खाट रिकामी असतां "भरली आहे" म्हणून सांगणाऱ्यानें घालावी.

मग इतकें सगळें असतां मुलें दगावतात कां? मुलाचा खर्च शस्त्रक्रियेपासून सुरू होत नाहीं, तो एस्.टी.च्या तिकिटापासून सुरू होतो. बाप मुंबईला गेला कीं रोजगार बुडाला. आई गेली कीं घरचीं दोन लहान मुलें आणि दावणीची म्हैस कोणी पाहायची? इस्पितळांत खाट रोग्याला, आईबापांना फूटपाथ. तपासणीला सोमवारीं बोलावतात, यंत्र नादुरुस्त म्हणून गुरुवारीं या सांगतात. या तीन दिवसांचा भाकरतुकडा कोणत्याहि योजनेच्या यादींत बसत नाहीं.

रक्ताच्या कर्करोगाचें उदाहरण घ्या. मुलांत जो प्रकार अधिक आढळतो, त्याच्या उपचाराला दोन-अडीच वर्षें लागतात. पहिल्या कांहीं आठवड्यांतच मूल टवटवीत दिसूं लागतें. बापाला वाटतें, बरें झालें. पेरणीचे दिवस आहेत, चला गांवीं. तो चुकत नाहीं, त्याला कोणी समजावून सांगितलेलें नसतें, आणि मुंबईंत आणखी दोन वर्षें काढण्याचें त्याच्या अंगांत त्राण नसतें. अर्धवट सोडलेला रोग उलटतो तेव्हां पहिल्याहून बिकट असतो. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं दोराबजी टाटांच्या विश्वस्त निधींतून उघडलें. १९५७ सालीं तें मध्यवर्ती सरकारनें हातीं घेतलें, आणि १९६२ पासून तें अणुशक्ति खात्याकडे आहे. औषधाची विद्या तेथें होती. पण गांवाहून आलेल्या आईबापांना डोक्यावर छप्पर नव्हतें. २००६ सालापासून सेंट ज्यूड या संस्थेनें मुंबईंत अशा मुलांना आईबापांसह राहण्यास फुकट खोल्या देण्यास आरंभ केला. इस्पितळांतहि मुलांच्या कुटुंबांना धरून ठेवणारे समाजसेवक व निधि उभे राहिले. शिकण्यासारखी गोष्ट ही कीं, छप्पर, शिधा आणि विचारपूस हींहि औषधेंच आहेत.

दात्यांनाहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२१ सालीं सोळा कोटि रुपयांच्या एका इंजेक्शनाकरितां मोबाईलवरून लोकांनीं वर्गण्या केल्या, सरकारनें आयात करहि सोडला. त्या आईबापांनीं केलें तें योग्यच केलें. कोणतेहि आईबाप तेंच करतील. त्याच वर्षीं दुर्मिळ आजारांचें राष्ट्रीय धोरण निघालें, आणि पुढील वर्षीं त्यांतली मदत पन्नास लाखांपर्यंत वाढविली, तरी सोळा कोटि कोठें आणि पन्नास लाख कोठें! पण मोबाईलवरचें दान तोंड पाहून दिलें जातें. ज्या आईला इंग्रजींत चार ओळी लिहितां येतात, ज्या मुलाचा फोटो गोजिरा निघतो, त्याच्याकडे ओघ जातो. पारध्याच्या पालावरच्या, कातकऱ्याच्या झोपडींतल्या मुलाचा फोटो कोण काढणार? त्याला सोळा कोटि नको आहेत. त्याला चारदां जाण्यायेण्याचें भाडें हवें आहे. धनादेश हातांत धरून छायाचित्र काढण्याची हौस असेल त्यांनीं ती खुशाल भागवावी, पण एका एस्.टी.च्या पासाचेंहि छायाचित्र काढून पाहावें.

"हें सर्व सरकारचें काम आहे, वर्गणी काढून सरकारला आळशी कां करतां?" असा आक्षेप कित्येक शहाणे घेतात. आक्षेपांत तथ्य आहे. परंतु जोतीरावांनीं काय केलें तें पाहा. स्वतः शाळा काढल्या, आणि १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचा हक्कहि मागितला. एका हातानें काम, दुसऱ्या हातानें मागणी. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाईंनीं मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यांत आणलें, आणि त्याच साथींत १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. दवाखाना होता, डॉक्टर होता; मूल आणि दवाखाना यांच्यामधील वाट चालणारें कोणी नव्हतें. ती वाट सावित्रीबाई चालल्या. आज आपल्यांत उणें आहे तें हेंच. योजनेला जोतीरावांचें नांव दिलें, पण सावित्रीबाईंची पाठ कोणी द्यायची?

आपल्या घरांतली घाणहि झांकून ठेवतां कामा नये. दुभंगलेल्या ओठाचें मूल जन्मलें कीं आईला विचारतात, "ग्रहणांत काय चिरलेंस?" ती बिचारी जन्मभर स्वतःला दोषी समजते. ग्रहणाचा आणि ओठाचा कांहींएक संबंध नाहीं. ती एक शिवण आहे, डॉक्टर ती घालतात, आणि स्माईल ट्रेन ही संस्था २००० सालापासून आपल्या देशांत अशा शस्त्रक्रियांचा खर्च उचलीत आली आहे. तरीहि मूल सात-आठ वर्षांचें होईपर्यंत देवऋष्याकडे फेऱ्या चालतात. नवसाला बोकड मिळतो, तेराव्याला पंगत उठते, त्यासाठीं कर्जहि निघतें; जिवंत मुलाच्या बसभाड्याला मात्र उसने मिळत नाहींत. मेल्यावर जेवण घालणाऱ्या भावकीनें तें जगतें आहे तोंवर शिदोरी बांधून द्यावी, यांत अधर्म कोणता?

तेव्हां करावें काय? रयत शिक्षण संस्था १९१९ सालीं काल्यास निघाली, आणि पुढें तिचीं वसतिगृहें घरोघरच्या मूठभर धान्यावरहि चाललीं. तोच मार्ग येथें धरावा. तीनशें घरांच्या गांवानें घरटीं महिना दहा रुपये काढले तरी वर्षाला छत्तीस हजार होतात. त्यांतून कोणाची शस्त्रक्रिया होणार नाहीं, व्हावी अशी अपेक्षाहि नाहीं. भाडें, मुक्काम, शिधा आणि बुडालेला रोज, एवढेंच त्यांतून द्यावें. हिशेब ग्रामसभेंत मोठ्यानें वाचावा. ज्या फंडाचा हिशेब वाचला जात नाहीं त्याला वर्गणी देऊं नये.

दुसरें, चिठ्ठी मिळालेल्या मुलामागें एक जाणता मनुष्य लावून द्यावा. मास्तर, आशाताई, कॉलेजांतला पोर, कोणीहि. शिधापत्रिका, आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला हे कागद त्यानें आधीं तयार करावे. इस्पितळांत गेल्यावर फुले योजनेचा आरोग्यमित्र कोठें बसतो तें विचारावें. धर्मादाय इस्पितळ असेल तर समाजसेवकाकडे निर्धनांची खाट नांव घेऊन मागावी. नाकारली तर नकार लेखी मागावा आणि धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा. लेखी मागितलें कीं पुष्कळ वेळां रिकामी खाट निघते.

तिसरें, सरकारकडे मागणी करावी कीं, शाळेंतल्या तपासणीची चिठ्ठी दिल्यावर तें मूल इस्पितळांत पोंचलें किंवा नाहीं याचा जबाब पथकानें तीन महिन्यांनीं शाळेला द्यावा, आणि बरोबर जाणाऱ्या आईला किंवा बापाला रोजाचा मोबदला मिळावा. किती मुलें तपासलीं हा आंकडा पुष्कळ मिरवतात. किती मुलें बरीं होऊन वर्गांत परत बसलीं, हा आंकडा आम्हांस हवा आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या गांवांत अशी एखादी चिठ्ठी कोणाच्या तरी ट्रंकेंत, कोणाच्या तरी फळीवर आज पडलेली असेल. ती या आठवड्यांत शोधा. तिच्यावरची तारीख वाचा. आणि पुढच्या सोमवारीं त्या मुलाबरोबर एस्.टी.त कोण बसणार, तें आधीं ठरवा. वर्गणीचें मागाहून पाहूं.