विश्लेषण : नव्या हॅचबॅकच्या किमतीत आलिशान डिझेल गाडी... स्वस्तात मस्त की पांढरा हत्ती?

एकेकाळी ५० लाखांना मिळणारी जर्मन सेडान आठ-दहा वर्षांनी नव्या हॅचबॅकच्या किमतीत मिळते. मोबाइलवर अशा जाहिराती सतत दिसतात आणि त्यातील बऱ्याच गाड्या डिझेलवरच्या, दिल्ली पासिंगच्या असतात. मात्र गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. अशी गाडी घेताना खरा हिशोब कसा मांडायचा?

या गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात?

आलिशान गाडीचा पहिला मालक वॉरंटी संपत आली की शक्यतो गाडी बदलतो. दुसऱ्या मालकाला हमी नसते, म्हणून मागणी कमी आणि घसारा जास्त. डिझेलच्या भवितव्याविषयीची शंकाही भाव पाडते. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली, तेव्हा ऑडीने भारतात डिझेल गाड्या विकणेच थांबवले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोठ्या गाड्यांवरील कर ४० टक्क्यांवर आला. पूर्वी तो अधिभारासह ५० टक्क्यांपर्यंत जात असे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही खाली येतो.

दिल्लीच्या नियमाचा संबंध काय?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा वाहनांना इंधनही न देण्याचा निर्णय लागू झाला, पण विरोधानंतर काही दिवसांतच थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई न करण्याचे आदेश दिले, तर डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढील वाहनांपुरते मर्यादित केले. या धरसोडीमुळे दिल्लीतील मालक दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच गाडी विकू पाहतो. महाराष्ट्रात अशी दहा वर्षांची मर्यादा नाही, म्हणून गाड्या इकडे येतात. म्हणजे भाव पडण्यामागे गाडीतील दोषच असतो असे नाही. पण कमी भाव हा गाडी धडधाकट असल्याचा पुरावाही नाही.

डिझेल इंजिन तर टिकाऊ असते ना?

ही ख्याती जुन्या, साध्या इंजिनांची आहे. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाची १९७६ची मर्सिडीज २४० डी ४६ लाख किलोमीटर धावून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. त्या प्रवासातही इंजिने अनेकदा बदलावी लागली होती. आजच्या डिझेल इंजिनाभोवती टर्बो, इंजेक्टर, ईजीआर झडप, काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर आणि डझनावारी सेन्सर असतात. इंजिनाचा गाभा शाबूत असला तरी गाडी यांपैकी एका भागामुळे उभी राहू शकते.

नेमके काय बिघडते?

इंजेक्टरमध्ये डिझेलचा दाब दोन हजार बारपर्यंत जातो, म्हणजे टायरमधील हवेच्या सुमारे ९०० पट. भेसळ किंवा पाणी असलेले डिझेल या सूक्ष्म छिद्रांना मानवत नाही. ईजीआरमुळे इनटेकमध्ये काजळी साचते. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१४ या काळातील एन-४७ या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन झिजण्याची तक्रार जगभर गाजली. ही चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडील बाजूला असल्याने तिथवर पोहोचण्यासाठीच मोठी खोलाखोल करावी लागते. भागाच्या किमतीपेक्षा मजुरी भारी पडते ती अशी. एअर सस्पेन्शनच्या रबरी पिशव्या आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हेही वयानुसार येणारे मोठे खर्च. टर्बो, चेन, गिअरबॉक्स यांची कामे सहज लाखाच्या घरात जातात.

शहरातील वापर का बाधतो?

डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते मिळण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. अंधेरी ते वांद्रे किंवा कोथरूड ते कॅम्प अशा रोजच्या रखडत्या प्रवासात ही प्रक्रिया अर्धवट राहते. मग फिल्टर तुंबतो आणि जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळते. पातळ झालेले ऑइल टर्बो आणि बेअरिंगला घातक ठरते. महामार्गावर नियमित धावणाऱ्याला डिझेल मानवते, शहरात महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला नाही.

इंधनातील बचतीने खर्च भरून निघतो का?

उदाहरणादाखल, महिन्याला ८०० किलोमीटर वापर, डिझेल गाडी लिटरला १३ आणि पेट्रोल गाडी ९ किलोमीटर, तर डिझेल ९० आणि पेट्रोल १०४ रुपये धरू. वर्षाची बचत सुमारे ४४ हजार रुपये होते. एक मोठे काम निघाले की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते. दहा लाखांना घेतलेल्या गाडीचा सुटा भाग ५० लाखांच्या गाडीचाच असतो. म्हणून खरेदी किमतीच्या किमान २० टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे शहाणपणाचे. सगळी पुंजी खरेदीतच संपणार असेल, तर ती गाडी ऐपतीबाहेरची समजावी.

विमा मदतीला येतो का?

यांत्रिक वा विद्युत बिघाड नेहमीच्या विम्यात येत नाही. अपघातातही दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर तो कोणत्याही वयात ५० टक्केच असतो. पाणी शिरून इंजिन बसल्यास वेगळे संरक्षण घेतलेले असावे लागते आणि जुन्या गाड्यांना ते मिळणे कठीण.

घेण्याआधी काय तपासावे?

गाडी पूर्ण थंड असताना सुरू करून चेनचा खडखडाट ऐकावा. त्या कंपनीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून इंजेक्टर, डीपीएफ आणि गिअरबॉक्सची नोंद पाहावी. किलोमीटरचा आकडा सर्व्हिसच्या नोंदींशी ताडावा. डीपीएफ काढून टाकलेली गाडी टाळावी. कार्पेटखाली चिखल वा गंज दिसल्यास गाडी पुरातली असू शकते.

परराज्यातील गाडीसाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ राज्यात राहणार असेल तर येथील नोंदणी बंधनकारक आहे आणि त्यासाठी गाडीच्या वयानुसार येथील करही भरावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई महानगर क्षेत्रातून पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने हटवता येतील का, हे तपासण्यासाठी सात सदस्यांची समिती नेमली. दिल्लीसारखा निर्णय इथेही झाला, तर आज स्वस्तात घेतलेली गाडी उद्या कोणाला विकायची, हा प्रश्न नव्या मालकासमोर असेल.