सगळ्यांची वेळ, आणि आपलीही



मागच्या आठवड्यात साताऱ्याच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्या शाळेत शिक्षिका आहेत. स्नेहसंमेलनाच्या समितीत नऊ जण, आणि मीटिंगची वेळ ठरवायचं काम नेमकं यांच्या गळ्यात पडलं. त्या लिहितात, "ग्रुपवर 'कधी भेटू या?' एवढंच विचारलं, तर रात्री झोपेपर्यंत साठ-पासष्ट मेसेज आले. दोघांनी नुसते अंगठे दाखवले. एकीने 'चालेल' म्हटलं, पण काय चालेल ते नाही सांगितलं. शेवटी मीटिंग राहिलीच. यासाठी म्हणे मोबाइलवर सोयी निघाल्या आहेत. त्यातली कुठली घ्यावी?"

वाचून मला आमचं चैत्रातलं हळदीकुंकू आठवलं. सोमवारी हिला उपास, मंगळवारी तिच्याकडे पाहुणे, आणि सगळ्या जमतील त्या दिवशी नेमकं नळाला पाणी नाही! कचेरीतली मीटिंग याहून फारशी वेगळी नसते. तेव्हा आज लोणची-पापड बाजूला ठेवून या सोयींकडेच बघू या.

साधन निवडण्याआधी मीटिंग कुठल्या जातीची आहे ते ओळखायचं. डाळीला जे पातेलं लागतं ते पोळीला चालत नाही, तसंच हे.

पहिली जात : दोन-चार वेळा तुमच्या मनात आहेत, त्यांतली एक निवडायची आहे. यासाठी मतदानाची साधनं. सगळ्यांत हाताशी असलेलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा पोल. ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरात आली. एका प्रश्नाला बारापर्यंत पर्याय देता येतात. पण बारा देऊ नका, चार पुरेत. एकाहून जास्त उत्तरं देण्याची मुभा चालू ठेवायला मात्र विसरू नका. नाहीतर जिला दोन वेळा जमतात तिलाही एकच निवडावी लागते आणि सगळा हिशेब चुकतो.

याच जातीचं जुनं आणि नावाजलेलं साधन म्हणजे डूडल. ते स्वित्झर्लंडचं. मित्राबरोबर जेवणाचा बेत ठरता ठरेना, त्यातून मिखाएल नेफ या संगणक अभियंत्याला ही कल्पना सुचली. म्हणजे मूळ पुन्हा जेवणाचंच की नाही! तुम्ही तारखा-वेळा मांडायच्या आणि लिंक सगळ्यांना पाठवायची. उत्तर देणाऱ्याला खातं उघडावं लागत नाही. फुकट वापरायचं तर जाहिराती सोसाव्या लागतात. यात होय आणि नाही यांच्या मधे तिसरा पर्यायही ठेवता येतो, 'गरज पडल्यास'. या तिसऱ्या पर्यायाबद्दल पुढे सांगणार आहे, तो लक्षात ठेवा.

दुसरी जात : कुठली वेळ सुचवावी हेच तुम्हाला ठाऊक नाही. अशा वेळी व्हेन-टू-मीट बरं. आठवड्याचा चौकटींचा तक्ता असतो, शाळेच्या वेळापत्रकासारखा. प्रत्येकाने नाव घालायचं आणि आपल्या मोकळ्या चौकटी हिरव्या करायच्या. जिथे जास्त जण मोकळे, तिथे हिरवा रंग गडद. एका नजरेत कळतं. फुकट आहे, खातं लागत नाही. दिसायला साधंसुधं आहे आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर बोट जरा घसरतं, म्हणून जमलं तर कॉम्प्युटरवर भरा. वेळ ठरली की ती सगळ्यांना कळवायचं काम मात्र तुमचंच.

तिसरी जात : सगळे एकाच कचेरीतले, आणि सगळ्यांची कामं कॅलेंडरवर नोंदलेली. मग कुणाला विचारायलाच नको. गूगल कॅलेंडर किंवा आउटलुक सहकाऱ्यांच्या भरलेल्या आणि रिकाम्या वेळा शेजारीशेजारी मांडून दाखवतं. सगळ्यांत झटपट काम होतं ते इथेच. पण यात एक मेख आहे. जे नोंदलेलं नाही ते रिकामं दिसतं. तुमची संध्याकाळ कॅलेंडरवर कोरी असली, तर कॅलेंडर म्हणणार, बाई मोकळ्या आहेत!

चौथी जात : एकीला अनेकांनी वेगवेगळं भेटायचं आहे. उदाहरणार्थ, पालक-शिक्षक भेट. यासाठी कॅलेंडली. टोपे अवोटोना या नायजेरियात जन्मलेल्या उद्योजकाने २०१३ साली अमेरिकेत ते सुरू केलं. दवाखान्यातला कंपाउंडर नंबर देतो ना, तसंच हे. मोकळ्या वेळा तुम्ही आधी सांगून ठेवायच्या आणि येणाऱ्याने त्यांतली एक घ्यायची. घेतलेली वेळ दुसऱ्याला दिसत नाही, म्हणजे रांग लागत नाही.

आता त्या 'गरज पडल्यास'ची गोष्ट सांगते. ती माझ्याच घरची आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कचेरीत हिशेबाचं काम पाहत होते. आम्ही सात जण. चौघे सांगलीत, दोघे पुण्यात आणि एक साहेब लंडनला. एप्रिल महिन्यात दर मंगळवारच्या मीटिंगसाठी डूडलवर पाच वेळा मांडल्या गेल्या. दुपारी साडेतीनला मला अगदी सोयीचं होतं. संध्याकाळी साडेसहा म्हणजे दिवेलागणीची वेळ, भाजी चिरायची, मुलीचा अभ्यास. खरं तर तिथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण नोकरीच्या ठिकाणी चुलीचं रडगाणं कशाला, असं वाटलं आणि 'गरज पडल्यास' दाबून मोकळी झाले.

निकाल काय लागला? साडेतीनला सहा होकार, एक नकार. साडेसहाला सहा होकार आणि माझं 'गरज पडल्यास'. बाकीच्या वेळांना दोन-तीन नकार. अर्थातच साडेसहा ठरली. साडेतीनला नकार देणारे पुण्याचे एक गृहस्थ होते. त्या वेळी ते मुलाला शाळेतून आणायला जात. त्यांनी सरळ 'नाही' दाबलं होतं, आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही. घरचंच काम त्यांचंही होतं, मैत्रिणींनो. पण त्यांनी ते मोजायला दिलं, मी दिलं नाही.

सहा महिने कसेबसे रेटले. मग ऑक्टोबर संपला. विलायतेत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे. आमची मीटिंग लंडनच्या दुपारी दोनला बांधलेली. त्यामुळे आपल्याकडे ती साडेसहाची साडेसातला गेली.

सासूबाईंना मधुमेह. सव्वासातला त्या इन्सुलिन घेत आणि लगेच जेवत. त्या मंगळवारी त्यांनी सवयीने इंजेक्शन घेतलं. मी आतल्या खोलीत कानाला यंत्र लावून आकडे वाचत बसलेली. 'सूनबाई कामात आहे, कशाला हाक मारायची' म्हणून त्या थांबल्या. पावणेआठच्या पुढे मुलगी धावत आली, "आई, आजी कसंतरीच करतेय." अंग घामाने चिंब, हात थरथरत होते. शुद्धीवर होत्या म्हणून साखरपाणी पाजता आलं आणि थोड्या वेळाने त्यांना बरं वाटलं. मला मात्र रात्रभर झोप आली नाही.

ताट मीच वाढायला हवं होतं का, हा प्रश्न वेगळा. तो मी घरात विचारला, आणि आता मंगळवारी हे लवकर येतात. पण कचेरीत दुसऱ्या दिवशी मी एवढंच लिहिलं, "संध्याकाळी सहानंतर मला जमणार नाही." कारणही दिलं नव्हतं. दहा मिनिटांत मीटिंग दुपारी साडेचारला आली. दोघांनी आपापली कामं थोडी सरकवली. लंडनचे साहेब म्हणाले, "मग आधी का नाही सांगितलंत?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

तेव्हा कुठलंही साधन घ्या, पण एवढं सांभाळा :

१. जमत नसेल तिथे 'नाही' म्हणा. 'गरज पडल्यास' हे खरोखर गरजेपुरतंच ठेवा. ते लोणच्यासारखं, ताटात थोडंसंच शोभतं.

२. कॅलेंडरवर घरची वेळही भरा. तपशील लिहायची गरज नाही. नोंद खासगी ठेवली की सहकाऱ्यांना फक्त 'व्यग्र' एवढंच दिसतं. गूगलच्या कचेरीच्या खात्यात कामाचे तासही ठरवून ठेवता येतात. त्याबाहेर कुणी बोलावू लागलं तर त्याला सूचना मिळते.

३. परदेशातलं कुणी असेल तर मीटिंग कुणाच्या घड्याळावर बांधली आहे ते विचारा. आपलं घड्याळ वर्षभर तेच राहतं. त्यांचं बदलतं.

४. वेळा मांडणारी तुम्हीच असाल तर पर्याय चारच द्या, आणि उत्तरं कधीपर्यंत हवीत तेही लिहा. मुदत संपली की निकाल लावून टाका. शेवटच्या माणसाची वाट पाहत बसलात तर भाताची खिचडी होते.

५. जी नेहमीच सगळ्याला 'चालेल' म्हणते, तिला एकदा बाजूला घेऊन विचारा. तिचं खरंच चालतं का?

साताऱ्याच्या भगिनीला माझं सांगणं असं. नऊ जणांना व्हॉट्सअ‍ॅपचा पोल पुरे, वेगळं काही शिकायला नको. पालकांच्या भेटी असतील तेव्हा कॅलेंडलीकडे वळा. आणि पोलमध्ये चार वेळा मांडण्याआधी, ज्या वेळा तुम्हाला स्वतःला जमत नाहीत त्या आधीच गाळा. वेळ ठरवायचं काम गळ्यात पडलंच आहे, तर त्यात तुमचा एवढा तरी फायदा व्हावा!

तुमच्याकडे मीटिंग कशा ठरतात, आणि 'नाही' म्हटल्यावर काय झालं, ते जरूर कळवा.