धरणगावची भिल्ल पलटण

मुलांनो, सुरत-भुसावळ गाडीने अमळनेर मागे टाकलं, की थोड्या वेळाने धरणगाव येतं. गाडी जरा थांबते आणि सुटते. याच गावात १८२५ साली एक पलटण उभी राहिली. शिपाई सगळे भिल्ल, आणि त्यांचा साहेब अवघा बावीस वर्षांचा!

आता त्याआधीचं ऐका. भिल्लांचे नाईक डोंगरातल्या घाटांची राखण करत, गावोगावचे भिल्ल जागले पिकं आणि घरं सांभाळत. त्याचा हक्काचा मोबदला त्यांना मिळे. पण पेशवाईच्या अखेरीस लढाया, लूटमार आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. मोबदला देणार कोण? पोटासाठी राखणदारच लुटायला लागले. १८१८ साली इंग्रज आले, धुळ्याला कलेक्टरची कचेरी झाली. पेन्शनं देऊन झाली, धरपकड करून झाली, तरी दंगे थांबेनात. डोंगरात शिरलेली फौज तापाने आजारी पडायची.

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने ठरवलं, भिल्लांनाच शिपाई करायचं. काम आलं जेम्स आउट्रामकडे. भरतीला येणार कोण? भिल्लांना वाटे, हा पकडण्याचा डाव आहे. आउट्राम मग पहारा न घेता त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला. आधी बोटांवर मोजण्याइतके आले, मग शेकडो. मालेगावच्या पलटणीतले वरच्या जातीचे शिपाई या भिल्ल शिपायांना भेटायला आले, शेजारी बसले, त्यांना पानसुपारी दिली. त्या काळात, बरं का! मला तर ही पानसुपारी साहेबाच्या साऱ्या शिकारींहून मोठी वाटते.

तिकडे कन्नडला भिल्लांना तगाई देऊन शेतीला बसवलं. दरोडे कमी झाले. पण इंग्रजांचा फायदाही बघा. डोंगरवाटा ज्यांना तोंडपाठ, त्यांच्याकडूनच त्यांचे भाऊबंद पकडून आणायचे!

हे सर्वांत जास्त बोचलं असेल ते आंबापाणीला. खाज्या नाईक हा सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा, इंग्रजांचाच पगारी माणूस. १८५७ मध्ये तो भीमा नाईकाबरोबर इंग्रजांविरुद्ध उठला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. खाज्याच्या बाजूला भिल्ल, अरब, मकराणी. आणि समोर, इंग्रजांच्या फौजेत, धरणगावच्या पलटणीतले भिल्ल. खाज्याचा मुलगा तिथेच पडला. पकडलेल्या कितीतरी जणांना गोळ्या घातल्या. खाज्या निसटला, आणि १८६० साली दग्याने मारला गेला.