वॉर्डातल्या वर्षाचे गुण किती? शून्य!



हल्लीच्या इंटर्न डॉक्टरांना सेवेची ओढ नाही, वॉर्ड सोडून लायब्ररीत बसतात, असा सूर संपादकांकडे आलेल्या पत्रांतून काही दिवसांपासून ऐकू येतो आहे. मी मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत सिस्टर म्हणून सगळी नोकरी केली. पोरं लायब्ररीत बसतात, खरं आहे. का नाही बसणार? पीजीच्या जागेसाठी नीट-पीजीचे 800 गुण मोजतात. वर्षभर वॉर्डात राबल्याचे शून्य. रात्री तीनला कॅज्युअल्टी सांभाळल्याचे शून्य. तान्ह्या बाळाची शीर सापडेपर्यंत धीर न सोडल्याचेही शून्यच.

मुळात हे वळण लावलं कुणी? लातूरच्या ट्यूशन एरियात दहावी झालेल्या पोराला दोन वर्षं 'नीटला 720 पैकी किती?' एवढंच विचारायचं, त्याचे फोटो चौकाचौकांत टांगायचे आणि तेच पोर नांदेडच्या विष्णुपुरी मेडिकलला किंवा लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय संस्थेत पांढरा कोट घालून आलं, की सेवाभाव कुठे गेला म्हणायचं!

ओढ लागते, पण ती लावावी लागते. एका युनिटचे सर राउंडला इंटर्नला नावाने बोलवायचे, "आधी पोट तू तपास, मग मला सांग," म्हणायचे. त्या युनिटची पोरं ड्यूटी संपली तरी पेशंटजवळून हलायची नाहीत. दुसरीकडे राउंड पळत उरकायचा आणि इंटर्नने दिवसभर रक्ताची सॅम्पल लॅबला न्यायची, रिपोर्ट आणायचे, ट्रॉली ढकलायची. चतुर्थश्रेणीची पदं रिकामी ठेवायची आणि होणाऱ्या डॉक्टरला हमाल करायचं, वर प्रेरणा विचारायची. 2024 मध्ये विद्यावेतन 11 हजारांवरून 18 हजार करायचं ठरलं, चांगलं झालं. पण ओढ पैशाने लागत नाही.

आणि ऑक्टोबर 2023 विसरलात का? नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात बाळं. त्यावर उपाय काय, तर खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. तिथे शिकणाऱ्या पोरांनी त्यातून नेमकं काय घ्यायचं होतं?

वॉर्डातल्या कामाला पीजीच्या प्रवेशात गुण द्या. वशिला चालेल, असं लगेच कुणीतरी म्हणेल. मग आज इंटर्नच्या लॉगबुकवर सह्या कशा होतात, ते एकदा बघून या.

आणखी एक. वॉर्डात राहा म्हणायचं, तर तिथे राहता यायला हवं. कोलकात्यात रुग्णालयातच ड्यूटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर मेणबत्त्या पुष्कळ पेटल्या. रात्रपाळीच्या मुलींना आतून कडी लागणारी ड्यूटी रूम आणि पाणी असलेला संडास अजून किती वॉर्डांत आहे, हे एखाद्या मंत्र्याने रात्री दोन वाजता, आधी न कळवता येऊन पाहावं.

– एक निवृत्त परिचारिका, नांदेड