मत्स्यपेटी आणि नळाचें पाणी

आमच्या उमरेडच्या घरीं नातवंडांनीं काचेच्या पेटींत मासे पाळले आहेत. गेल्या उन्हाळ्यांत पाणी गढूळ दिसतांच आम्हीं तें सर्व उपसून नळाचें ताजें पाणी भरलें. सायंकाळपर्यंत तीन मासे गतप्राण झाले. मुलांच्या अश्रूंस आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. दोष सर्वस्वीं आमच्या अज्ञानाचा होता.

जें पाणी आपणांस अमृत, तें मत्स्यांस विष कां व्हावें? रोगजंतूंच्या नाशासाठीं नळाच्या पाण्यांत क्लोरीन घालतात. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळापाशीं शिल्लक असावा लागतो. आपणांस तो बाधत नाहीं. परंतु माशांचे नाजूक कल्ले त्यानें पोळतात, आणि पेटींतील अमोनिया पचविणारे उपकारक जंतुही मरतात.

उपाय सोपा आहे. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यांत एक अहोरात्र उघडें ठेवावें, म्हणजे क्लोरीन उडून जातो. क्लोरामीन मात्र असा उडत नाहीं. तेव्हां त्यावर चालणारें औषध वेष्टनावरील मापानें घालावें. निव्वळ क्लोरीन घालविण्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे छायाचित्रकारांचा ‘हायपो’, पुरेसा होतो.

एका वेळीं चतुर्थांशच पाणी बदलावें व नव्याची उष्णता जुन्याशीं जुळवावी. वैशाखांत आपल्याकडे गच्चीवरील टाकीचें पाणी कढत असतें, हें विसरूं नये.

वाचकहो, मुक्या जीवांस घरीं आणलें, कीं त्यांच्या पाण्याची चिंता वाहणें हाही गृहस्थधर्मच होय.