बापजाद्यांची दुकाने कागदावर शोधा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंना घराण्याविषयी विचारले तर तीन पिढ्यांची नावे झटकन सांगतात, चौथ्या पिढीला अडखळतात. पणजोबा कोणत्या बाजारात बसत, कोणता माल विकत, हिंगोलीत कोठून आले, या प्रश्नांना "मोठ्यांकडून ऐकले आहे" एवढेच उत्तर मिळते. ऐकीव गोष्टीवर घरात अभिमान बाळगता येतो. पण जातीचा दाखला, वारसाचा दावा किंवा इनाम जमिनीचा वाद उभा राहिला की ती कामास येत नाही. तेथे कागदच लागतो.

विलायतेत घराण्याचा शोध घेणारे लोक यासाठी एका साध्या पुस्तकाचा आधार घेतात. ते म्हणजे व्यापारी डिरेक्टरी. लंडनच्या व्यापाऱ्यांची यादी १६७७ सालीच छापली गेली होती. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, केली यांच्यासारख्या प्रकाशकांनी शहरोशहरीच्या डिरेक्टऱ्या काढल्या. मोठ्या शहराच्या डिरेक्टरीत एक भाग नावांच्या क्रमाने, दुसरा धंद्यांप्रमाणे आणि तिसरा रस्त्यांप्रमाणे, घरामागून घर असा असे. तिकडची खानेसुमारी दहा वर्षांनी एकदा होई. मधल्या वर्षांत शिंप्याने दुकान कोठे हलविले, पाटीवर बापाच्या जागी मुलाचे नाव केव्हा आले, हे डिरेक्टरी सांगते. नाव अचानक गळाले तर मृत्यू, दिवाळे की स्थलांतर, हे शोधायला निदान साल हाती लागते.

हिंदुस्थानातही असे ग्रंथ निघाले. कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक कंपनीची बंगाल डिरेक्टरी १८८५ पासून साऱ्या देशाची 'थॅकर्स इंडियन डिरेक्टरी' झाली. मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाची डिरेक्टरी निघत असे. ज्यांच्या वडीलधाऱ्यांचा मुंबईच्या पेढ्यांशी व्यवहार होता, त्यांनी हे ग्रंथ जरूर चाळावेत. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छापलेल्या सालाच्या आधीची माहिती त्यात असते. इंग्रजीत एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिलेले सापडते. शेख आणि मोहम्मद यांची किती रूपे होतात ते मोजून पाहावे. आणि तिसरी, सर्वात मोठी गोष्ट अशी की, या ग्रंथांत पेढीवाला येतो, पण मागावर बसणारा मोमीन, कापूस पिंजणारा पिंजारी, बांगड्या विकणारा मणियार आणि घरात बसून शिवणकाम करणारी बाई क्वचितच येते.

हिंगोलीचे काय? आमचे गाव निजामाच्या राज्यात होते आणि १८१९ ते १९०३ पर्यंत येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. वऱ्हाडच्या सीमेवरची ही कापसाची मोठी बाजारपेठ. इंग्रजी ग्रंथांत छावणीतल्या साहेबांची नावे मिळतील. त्यांना कापड, किराणा, जीन-खोगीर पुरविणाऱ्या आपल्या माणसांची मिळण्याची आशा थोडी. म्हणून आमचे मत असे की, मराठवाड्यातल्या माणसाने विलायती शोधकाची रीत उचलावी, पुस्तके मात्र आपली उघडावीत.

आपली पुस्तके कोणती? काझी साहेबांकडचे निकाहाचे रजिस्टर. त्यात वधू-वरांचे, बापाचे, वकिलाचे आणि गवाहांचे नाव असते, आणि गवाह बहुधा त्याच मोहल्ल्याचा किंवा त्याच पेशाचा असतो. शाळेचे प्रवेश रजिस्टर. गावच्या जन्ममृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक. इनामाचा मुंतखब. आणि दुकानाची वही, जी आपण जुने लाकूड समजून माळ्यावर टाकतो.

हे वाचताना साल बिनचूक काढावे. निजामाच्या दफ्तरात फसली साल आहे. त्यात ५९० मिळविले की इसवी साल येते. १३०० फसली म्हणजे १८९०-९१, पण १३०० हिजरी म्हणजे १८८२-८३. आठ वर्षांच्या या फरकाने बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होऊ शकते. आजूर, दै, बहमन ही महिन्यांची नावे दिसली तर साल फसली. मुहर्रम, सफर दिसले तर हिजरी. वहीत 'हाली' रुपया असेल तर व्यवहार निजामाच्या नाण्यात झाला, 'कलदार' असेल तर इंग्रजी नाण्यात; त्यावरून माल कोणत्या मुलखाशी येत-जात होता याचा अंदाज बांधता येतो.

हा शोध फावल्या वेळचा शौक नव्हे. १९९४ साली महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींच्या सवलतींचा मार्ग खुला झाला. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांची चळवळ त्यामागे होती. पण दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, आणि शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. मग बागवान, तांबोळी, अत्तार यांच्या मुलाने आपला पेशा सिद्ध कसा करायचा? छापील डिरेक्टरीतील नाव एकट्याने दाखला मिळवून देणार नाही. पण कोणत्या गावच्या, कोणत्या सालच्या सरकारी दफ्तरात पाहायचे, ही वाट ते दाखवू शकते.

२०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील कचेऱ्यांमध्ये निजामकालीन कागद बाहेर निघाले, तेव्हा उर्दू, फारसी आणि मोडी वाचणारे हुडकावे लागले. १८८४ पासून उर्दू या राज्याची दफ्तरी भाषा होती. आमच्यासारखे उर्दू माध्यमात शिकलेले लोक आज पन्नाशी-साठीत आहेत. छापील उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत, पण कारकुनाचे शिकस्ता वळण वाचणारे बोटांवर मोजावेत इतके उरले. हे डोळे मिटले की घरात कागद असूनही तो मुका होईल. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर घरे सोडताना मराठवाड्यातल्या अनेक कुटुंबांचे दस्तऐवज मागे राहिले. जे त्या वादळातून वाचले, ते वाळवीच्या हवाली का करावे?

बंधूंनो, आमची सूचना दोन कामांची आहे. पहिले, दर घराने जुने कागद कोरड्या जागी काढावेत, प्रत्येकाचा फोटो घ्यावा आणि वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून तो वाचून घ्यावा. वाचलेले त्याच दिवशी देवनागरीत लिहावे. दुसरे, हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा आणि सेनगाव या पाचही तालुक्यांतील दुकानदार व कारागिरांची एक डिरेक्टरी आपण आजच तयार करावी. नाव, पेशा, मोहल्ला, धंदा सुरू झाल्याचे साल आणि मूळ गाव, एवढे पाच रकाने पुरेत. ती विकत घेणाऱ्यांपुरती नसावी. हातगाडीवाला, पिंजारी आणि शिवणकाम करणारी बहीण यांना त्यात पेढीवाल्याइतकीच ओळ मिळावी, आणि नोंदीसाठी कोणाकडून पैसा घेऊ नये. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथकर्त्यांनी आपल्या कारागिरांना वगळले, ही तक्रार आपण करतो. आपल्या नातवंडांना तीच तक्रार आपल्याविरुद्ध करावी लागू नये.